बाईंचा डावा हात

शस्त्रक्रिया विभागाच्या मोठ्या बाई जिना चढायला लागल्या, की वरच्या मजल्यावर खिदळणारे शिकाऊ डॉक्टर एकदम रुग्णांच्या कागदांत डोकं खुपसायचे. समोर सगळे त्यांना मॅडम म्हणत, पाठीमागे मोठ्या बाई. आपण बाईच म्हणू, आपल्याला काही त्यांच्या हाताखाली पास व्हायचं नाही. बाई कडू होत्या म्हणावं तर औषधाला राग यायचा. पण हात! दुसऱ्या डॉक्टरांचे रुग्णसुद्धा हळूच विचारायचे, “टाके मोठ्या बाई घालतील ना?”

बाईंचा एक नियम होता. “माझ्या टेबलावर एकच हात चालतो. उजवा. डाव्यानं फक्त मदत करायची.” कुणाचा डावा हात पुढे सरसावला, की चिमट्याची लोखंडी मूठ त्याच्या बोटांच्या पेरांवर बसायची. फार जोरात नाही. पण सगळ्यांसमोर बसायची, आणि सगळ्यांसमोर लागलेलं जास्त लागतं.

नियमाला कारणं होती आणि ती खोटी नव्हती. ऑपरेशनच्या खोलीतली प्रत्येक वस्तू उजव्या हातासाठी केलेली असते. कात्री डाव्या हातात घेतली की पाती फाकतात आणि दोरा कापला न जाता चेंगरतो. सुई धरायच्या चिमट्याची कडी डाव्या अंगठ्यानं उलटी दाबावी लागते. सिस्टर अवजार ठेवते ते उजव्या तळहातावर. समोर उभा असलेला मदतनीस उजव्या हाताचीच वाट बघत असतो. बाई हे सगळं एका दमात सांगायच्या आणि ऐकणारा गप्प बसायचा. खोटेपणाला खऱ्या कारणांसारखा भक्कम आधार दुसरा नाही.

कारण बाई स्वतः डावखुऱ्या होत्या.

लहानपणी आत्याकडे वाढल्या. आत्या अभ्यासाच्या वेळी त्यांच्या डाव्या हातावर लोकरी मोजा चढवायची आणि वर दोरीनं बांधायची. पेन्सिल उजव्या हातात आली, अक्षर आलं, मोजा निघाला. पुढे शस्त्रक्रिया शिकायला गेल्या तर तिथले जुने सर आत्याचेच भाऊ शोभतील असे. पहिल्याच दिवशी बाईंच्या डाव्या पेरांवर चिमटा बसला. “दोन उजवे हात असतील तर थांब. नाहीतर दुसरं काहीतरी शिक.” बाई थांबल्या. खोलीवर टेबलाच्या खणाच्या मुठीला दोरा बांधून त्यांनी उजव्या हातानं इतक्या गाठी मारल्या की मुठीचा रंग उडाला. रडल्या, चिडल्या, पण शिकल्या. सरांना तो डावा हात पुन्हा कधी दिसला नाही, आणि नंतर कुणालाच कळू द्यायचं नाही असं बाईंनी ठरवून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरी मात्र फळं चिरायची, कुलूप उघडायचं, नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावायची, सगळं डाव्यानं. हे माहीत होतं एकट्या नवऱ्याला, आणि तो आयुष्यभर नकाशे काढून निवृत्त झालेला माणूस, त्याला बोलायची सवय कमीच.

बाईंनी आपल्या हाताखालच्या डावखुऱ्यांना खरं तर जवळ घ्यायला हवं होतं. पण सासू झाली की सूनपण विसरतं, ते उगाच म्हणत नाहीत. आधी एक मुलगी आली, ती वर्षाच्या आत डोळ्यांच्या विभागात निघून गेली. मग एक उंच, शांत मुलगा आला. बाईंनी त्याला “तुझा हात या कामाचा नाही” असं सांगितलं. तो भूल देणाऱ्या डॉक्टरांत गेला, आणि आता वर्षानुवर्षं बाईंच्याच टेबलाशी, पडद्याच्या पलीकडे, रुग्णाच्या उशाशी बसायचा. सगळे त्याला भूलवाले म्हणायचे. पडद्यावरून त्याचे डोळे दिसायचे, आणि बाई शक्यतो तिकडे बघायच्या नाहीत.

आणि आता आली होती धाकटी. युनिटमध्ये सगळ्यात लहान, म्हणून धाकटी. डावखुरी. तिच्याही पेरांवर चिमटा बसून झाला होता. उजव्या हातानं टाका घालायला लागली की चेहरा असा करायची, जशी दुसऱ्याच्या चपला घालून चालतेय. हात संथ होता. वर्षअखेरीला विभागाची बैठक बसायची आणि ज्यांचे हात मागे पडलेत त्यांना चाकू-कात्रीच्या वाटेवरून बाजूला करायची. एकदा बाजूला केलं की परत येणं नाही. धाकटीची आई रोज फोनवर विचारायची, “आज किती टाके घातलेस गं?” आणि धाकटी जिन्यात उभी राहून सांगायची, “आज नुसतीच धरून उभी होते, आई.” बाईंनी हे जाता-येता ऐकलं होतं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

विभागात आणखी एक गृहस्थ होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. एकेकाळचे सर्जन. मानेच्या दुखण्यानं ऑपरेशन सुटलं, तेव्हा सर्जन घडतो कसा आणि बिघडतो कसा याच्या संशोधनाला लागले. वाचनालयामागच्या खोलीत त्यांनी एक टेबल, एक दिवा आणि फक्त हातांवर रोखलेला कॅमेरा मांडला होता. येईल त्याला फोमच्या तुकड्यावर टाके घालायला लावायचे आणि व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत बसायचे. या वर्षी त्यांचा प्रश्न होता तो हाताचा: सवय मोडून हात बदलता येतो का? येत असेल तर डावखुऱ्यांना हाकलायचं कशाला, वेळ द्यावा, दोन्ही हात तयार करावेत. धाकटीचं सगळं भवितव्य या प्रश्नावर टांगलेलं होतं, आणि ते तिला माहीत होतं. मास्तरांनी जुन्या सर्जनना दोन्ही हातांनी टाके घालून दाखवायला सांगितलं. बाईंना तर हात जोडून सांगितलं. “मॅडम, तुमचे हात म्हणजे आमच्याकडचं माप. तुमच्याशिवाय याला अर्थ नाही.”

बाई गेल्या. नाही म्हटलं असतं तर का, असं कुणीतरी विचारलं असतं. चोराच्या मनात चांदणं.

उजव्या हाताचं काम झटपट झालं. मास्तर खूश. दाराशी धाकटी उभी होती, तिचा नंबर पुढचा. मग मास्तरांनी ट्रेमध्ये दुसरं अवजार ठेवलं. डावखुऱ्यांसाठी मुद्दाम बनवलेला सुईचा चिमटा. बाईंनी असला चिमटा जन्मात हातात धरला नव्हता. तो तळहातावर टेकला आणि बसला. कडी नुसत्या बोट लावण्यानं सुटली. एवढं सोपं असतं हे? इतकी वर्षं बाकीच्यांना हे एवढं सोपं होतं?

सुई फोममध्ये शिरली ती नेमकी, मनगट आपलं आपण वळलं. मास्तर पुढे वाकले. दारातली धाकटी एक पाऊल आत आली. आणि बाई घाबरल्या. हे दिसलं तर सगळं दिसणार. डोळ्यांच्या विभागातली ती मुलगी, पडद्यापलीकडचे भूलवाले, धाकटीच्या पेरांवर बसलेला चिमटा, सगळ्याचा अर्थ बदलणार. बाईंनी मनगट मुद्दाम उलटं फिरवलं. सुई ट्रेमध्ये पडली. मग त्यांनी काही वेडेवाकडे टाके घातले, आणि मुद्दाम वाकडं शिवणं सरळ शिवण्याहून किती अवघड असतं ते त्यांना त्या दिवशी कळलं.

“छे! नाही बाई जमत मला,” त्या हसून म्हणाल्या. मास्तरही हसले. धाकटी हसली नाही. ती ट्रेमध्ये पडलेल्या सुईकडे बघत राहिली, आणि तिचा नंबर आल्यावर तिनं मुकाट्यानं चिमटा उजव्या हातात घेतला.

संध्याकाळी बाई स्वयंपाकघरात फळं चिरत होत्या. नवरा चष्मा पुसत समोर बसला.

“झालं का शूटिंग? दोन्ही हात बघून मास्तर गार पडला असेल.”

“डाव्यानं जमत नाही म्हणून दाखवलं,” बाई म्हणाल्या.

नवऱ्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. “म्हणजे सोंग केलंस?”

“मग काय करू? हात दाखवून अवलक्षण करून घेऊ?”

“आणि ती पोरगी? जिच्या नावानं रोज जेवताना कुरकुर करतेस ती?”

“तुम्हाला काय कळतंय त्यातलं!”

“मला त्यातलं काही कळत नाही,” तो म्हणाला आणि चिरलेल्या फळाची एक फोड उचलून उठून गेला. सुरी बाईंच्या डाव्या हातात होती. त्यांनी ती उजव्या हातात घेतली, मग स्वतःचीच लाज वाटून ओट्यावर ठेवून दिली.

महिन्याभरात मास्तर बाईंकडे आले, चेहरा पडलेला. म्हणाले, “मॅडम, माझंच चुकत होतं. बाकीच्यांचं सोडा, पण तुमच्यासारख्या हाताला जर दुसरी बाजू येत नसेल, तर हात बदलत नाही हेच खरं. मी तसंच लिहितोय. आणि त्या मुलीला उगाच झुलवत ठेवण्यात काय अर्थ? तिला आत्ताच दुसरी वाट दाखवलेली बरी. बैठकीत मी तसं मांडतो.”

बाईंचा हात दगडाखाली सापडला. बोलावं तर सोंग उघडं पडतं, गप्प बसावं तर एका पोरीचा बळी जातो. शिवाय मास्तर लिहिणार ते इथंच थांबणार नव्हतं. कुठल्या कुठल्या दवाखान्यांत कुणी कुणी ते वाचणार, आणि तिथल्या डावखुऱ्यांना त्याच्या आधारानं दार दाखवणार. बाई म्हणाल्या, “बघू.” मोठ्या माणसांचा ‘बघू’ म्हणजे डोळे मिटून घेणं.

बैठकीच्या आदल्या आठवड्यात एक ऑपरेशन अडलं. पोटात खोल, पाठीच्या बाजूला, एक रक्तवाहिनी सुटली. बाई रुग्णाच्या उजव्या अंगाला उभ्या, समोर धाकटी जखमेच्या कडा ओढून धरून. उजवा हात त्या कोपऱ्यात वळेना. एकदा सुई हुकली, दुसऱ्यांदा हुकली, खड्डा रक्तानं भरून आला. सिस्टर शोषनळी सांभाळत होती. बाईंनी विचार केलाच नाही. चिमटा डाव्या हातात आला, सुई आत गेली, बाहेर आली, डाव्याच बोटांनी गाठ बसवली. एक, दोन, तीन. रक्त थांबलं.

बाईंनी मान वर केली तर मास्कवरचे धाकटीचे डोळे त्यांच्या डाव्या हातावर खिळलेले. ते डोळे सावकाश वर आले आणि बाईंच्या डोळ्यांना भिडले. पडद्यापलीकडे भूलवाले उठून उभे राहिले होते. रक्तदाब किती आहे हे ते सांगायला उठले असावेत, पण काही न सांगता ते तसेच उभे राहिले, मग खाली बसले. बाईंनी चिमटा उजव्या हातात घेतला आणि पुढचं काम चालू केलं.

हात धुताना धाकटी शेजारच्या नळाशी आली. “मॅडम, ते मघाशी तुम्ही डाव्या हातानं...”

“कोपरा अडचणीचा होता. वेळ आली की कुणालाही जमतं.”

“मग मी अशा कोपऱ्यात डाव्यानं करून पाहू का? एकदाच?”

“नाही,” बाई म्हणाल्या. नळ चालूच होता, तरी त्यांना स्वतःचा तो ‘नाही’ फार मोठ्यानं ऐकू आला.

चहाच्या खोलीत भूलवाले एकटेच बसले होते. बाई आत गेल्या आणि परत फिरणार तेवढ्यात ते म्हणाले, “बसा ना, मॅडम.” बाई बसल्या. ते कपाकडे बघत म्हणाले, “ती गाठ सरावाची होती. एका दिवसात नाही येत तशी.”

बाईंनी डावा हात टेबलाखाली घेतला.

“मला वाटायचं माझ्याच हातात खोट होती,” भूलवाले म्हणाले. आवाजात राग असता तर बाईंनी तो परतवला असता, त्यात त्या तरबेज होत्या. पण राग नव्हता. ते अगदी साधेपणानं बोलत होते, जणू एखादी जुनी चौकशी मिटली होती. “बायकोलाही तेच सांगितलं होतं. असो. काम चांगलं आहे माझं. आवडतं आता.” त्यांनी कप विसळला आणि निघून गेले.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर त्यांना वाटायचं की आपण एक गोष्ट लपवली, बस्स. लपवण्यात कुणाचं काय गेलं? आता दिसलं की ती गोष्ट लपवायला त्यांना दर थोड्या वर्षांनी एक माणूस लागला होता. घरी गेल्या, जेवल्या नाहीत. नवऱ्यानं काही विचारलं नाही, आणि त्याचं न विचारणंही त्यांना लागलं.

बैठकीला विभागप्रमुख, मास्तर, बाई आणि दोन-तीन वरिष्ठ. लांब टेबल, भिंतीवर पडदा. मास्तरांनी धाकटीचा व्हिडिओ दाखवला, मग बाईंचा. मोठ्या पडद्यावर बाईंचा डावा हात सुई पाडत होता. सगळ्यांनी माना हलवल्या. मास्तर म्हणाले, “जिथे या हातांचं चाललं नाही, तिथे या मुलीकडून काय अपेक्षा करायची?”

प्रमुखांनी धाकटीला आत बोलावलं. सरळ माणूस, सरळच विचारलं. “तुला काही म्हणायचंय?”

धाकटी टेबलाच्या टोकाशी उभी राहिली. आता ही सांगणार. खरं म्हणजे तिनं सांगावं, असंच बाईंना मनातून वाटत होतं. ओझं तिनं उचलावं आणि आपण नुसती मान खाली घालावी. या वयात, या खुर्चीत बसून, बाई लेकीच्या वयाच्या पोरीच्या तोंडाकडे बघत होत्या.

धाकटी बाईंकडे न बघता म्हणाली, “नाही सर. काही नाही.”

तिनं सांगितलं नाही. कोण विश्वास ठेवणार, असं वाटलं असेल. किंवा बाईंची लाज तिनं राखली असेल. काहीही असो, बाईंना ते सोसवलं नाही. त्या उठल्या.

“तो व्हिडिओ खोटा आहे,” त्या म्हणाल्या. “मी मुद्दाम सुई पाडली. मी डावखुरी आहे. जन्मापासून. उजवा हात मी नंतर तयार केला, म्हणजे हात बदलतो, मास्तर. वेळ दिला तर दोन्ही तयार होतात. तुमचं बरोबर होतं. मी लाजेपायी तुमचं काम नासवलं.”

मास्तरांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. “मॅडम, मी ते छापायला पाठवणार होतो हो, उद्या,” ते इतकंच म्हणाले. प्रमुख खुर्चीत मागे रेलले. ऑपरेशनचा सगळा प्रकार बाईंनी स्वतःच सांगितला, भूलवाल्यांचंही सांगितलं. थांबलं की पुन्हा सुरू होता येणार नाही अशी भीती वाटल्यासारख्या त्या बोलत राहिल्या.

प्रमुख भला माणूस. दोन्ही तळहात टेबलावर ठेवून म्हणाले, “झालं ते झालं. मुलगी शस्त्रक्रियेतच राहील, हा विषय संपला. आणि तिला दोन्ही हात शिकवायचे तर मॅडमपेक्षा चांगलं कोण मिळणार? वाईटातून चांगलं निघालं म्हणायचं. काय गं?” खोलीत सुटकेचे सुस्कारे ऐकू आले. कुणीतरी हसलंही. बाईंनी धाकटीकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणालातरी शिकवायची इतकी ओढ वाटली. डावखुऱ्यांचा तो चिमटा आपण स्वतः मागवून आणायचा, हेसुद्धा एवढ्यात मनात येऊन गेलं.

“सर, मला दुसऱ्या युनिटला द्या,” धाकटी म्हणाली. “मॅडमकडे नको.”

“अगं, पण आता तर त्यांनी...”

“ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी मारलं असतं तर मी विसरले असते,” धाकटी म्हणाली. आवाज चढला नाही तिचा, पण डोळे भरले. “मॅडमना माहीत होतं, सर. कसं लागतं ते माहीत होतं त्यांना.”

तिनं प्रमुखांना नमस्कार केला, मास्तरांना केला, आणि दार हळूच लावून घेत बाहेर गेली.

मग प्रमुख समजूत घालत म्हणाले, “मनावर घेऊ नका, मॅडम. पोर आहे. चार दिवसांत विसरेल.”

“नाही विसरत,” बाई म्हणाल्या. “मीही नव्हते विसरले. सगळं आठवत असूनच मारत होते मी तिला.”

एवढं बोलून त्या खाली बसल्या. मास्तरांनी उठून पडद्यावरचा व्हिडिओ बंद केला.